शेऱ्याच्या रकान्यातला भाऊसिंग

१३ जानेवारी, अनसिंग

ही डायरी ताईने एक तारखेला दिली. आज तेरा. मधले बारा दिवस मी हिच्यावर चहाचा कप ठेवत होतो, खोटं कशाला लिहू. एकदा पेन उघडलं होतं, पण पहिल्या पानावर गाडीच्या चेनला किती कड्या असतात तेवढंच लिहिलं आणि ते पान फाडून चेन पुसली.

ताईचं म्हणणं, "अश्या, तुले या कानात सांगतलं का त्या कानात पोचेपर्यंत तू दुसऱ्या गावाले गेला असते. घर विकाचं हाय. कोनत्या हापिसात कोन काय बोललं ते लिहून ठेवत जाय." ताई म्हणजे पल्लवी, वाशीमला दवाखान्यात नर्स आहे. ती रोज पेशंटचा ताप लिहिते, तिला वाटतं सगळ्या जगाला लिहिता येतं.

तर लिहितो. घर विकायचं कारण असं की बाबांचे डोळे काचबिंदूने चालले. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. आई जाऊन चार वर्षं झाली. मी दहावीत दोनदा बसलो, मग नांदेडला केटरिंगवाल्याकडे, मग हैदराबादच्या ट्रकवर क्लीनर, मग परभणीत मोबाइलचे कव्हर विकले. ताई म्हणते बाबांना एकटं ठेवायचं नाही आणि तुझ्या भरवशावर तर मुळीच नाही. म्हणून हे घर विकून वाशीमला दोन खोल्या घ्यायच्या. गिऱ्हाईक घरासमोरच आहे, सतीशभाऊ टेलर. त्याला भाड्याचं दुकान या फेब्रुवारीअखेर खाली करायचं आहे. वीस फेब्रुवारीपर्यंत खरेदी झाली तर ठीक, नाहीतर तो दुसरी जागा पाहणार.

आज ग्रामपंचायतीत नमुना आठ आणायला गेलो. घर कोणाच्या नावावर आहे तो कागद. बाबांचं नाव देवमन, घर नंबर, पत्रे, विटा, सगळं बरोबर. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात होतं: न्यायालयाचे आदेशावरून जामीनदाराच्या दंडाचा बोजा, रुपये पंधरा हजार.

"बोजा म्हंजे?" मी विचारलं.

"वझं," तिथला कारकून म्हणाला. "हे उतरवल्याबिगर कोनी रजिस्ट्री करून घेत नाही."

"पन कोनाचं वझं?"

"मले काय इचारतं? तुह्या बापाले इचार. घर त्याईचं हाय."

विचारायलाच निघालो होतो. वाटेत शाळेच्या मैदानावर टेनिस बॉलचे सामने चालू होते आणि एका टीमला एक माणूस कमी होता.

१४ जानेवारी

आज विचारलं. बाबा अंगणात बाजेवर ऊन घेत होते.

"बाबा, घरावर कोनाचा बोजा हाय?"

"तो बोजा नोहे," बाबा म्हणाले. "तो भाऊसिंग हाय."

मला वाटलं झोपेत बोलले. पण जागे होते. मग हळूहळू सांगितलं. रेल्वेची मोठी लाईन टाकायचं काम चालू होतं तेव्हा बाबा त्या कामावर होते. सातवी शिकलेले म्हणून मुकादमाची हजेरी तेच लिहायचे. भाऊसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. दोघं एका डब्यातून जेवायचे, भाऊसिंगची भाकर आणि बाबांचं पिठलं. काम संपलं तरी येणं-जाणं राहिलं. पुढे त्याच्याकडे शेताच्या बांधावरून, धुऱ्याचं भांडण झालं, कोणाचं तरी डोकं फुटलं, सहा जणांवर केस झाली. त्यात भाऊसिंगचं नाव. बाबांनी आपलं घर लिहून देऊन त्याला जामीन दिला.

"मंग?"

"मंग एका तारखेले तो हजर नाही झाला. वारंट निंघालं. तो गेला कुठीतरी. कोर्टानं मले दंड लावला."

"म्हंजे पयाला ना तो."

बाबांनी माझ्याकडे तोंड फिरवलं. त्यांना दिसत नाही हे मला माहीत आहे, तरी मी नजर खाली घातली.

"पयाला म्हनू नको," ते म्हणाले. "या घरात नको म्हनू."

अकरा वर्षं झाली म्हणे या गोष्टीला. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. भाऊसिंगकाकाचं म्हणाल तर मला फक्त त्याच्या कानातली सोन्याची बाळी आठवते.

१६ जानेवारी

रविकांत वकिलांकडे गेलो. माणूस चांगला आहे, एका हाताने मोसंबी सोलत दुसऱ्या हाताने फाईल पाहतो.

"एकदम सोपं हाय," ते म्हणाले. "पंधरा हजार भरायचे, पावती घ्यायची. कोर्ट ग्रामपंचायतीले पत्र देते, शेरा निंघून जाते. या अर्जावर वडिलांची सही आन."

अर्ज छापीलच होता. मी घरी येऊन बाबांना वाचून दाखवला. अलीकडे बाबा कुठलाही कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय त्यावर पेन टेकवत नाहीत. "सदर आरोपी फरार असल्याने मी जामीनदार या नात्याने दंडाची रक्कम भरण्यास तयार आहे," इथपर्यंत आलो आणि बाबा म्हणाले, "थांब."

"काय झालं?"

"तो शब्द काढ."

"बाबा, छापेल हाय तो."

"मंग सही नाही होत. पैसे मागते तं देतो, माही ना नाही. पन माह्या सहीच्या वर तो शब्द नाही राहनार."

समोरून सतीशभाऊ ऐकत होता. त्याची शिलाई मशीन थांबली की समजायचं तो ऐकतो आहे. "देवमनजी," तो ओरडला, "एका शब्दासाठी माहं दुकान रस्त्यावर आनता काय?"

"तुह्या दुकानाले म्या आंगन देतो, बस इथीसा," बाबा म्हणाले.

हसले सगळे. सही मात्र नाही झाली.

२१ जानेवारी

कोर्टात त्या जुन्या केसच्या कागदांच्या नकला काढायला निघालो होतो. फाट्यावर जुना दोस्त रवी भेटला, शिरपूरला संत्र्याची गाडी भरायला चालला होता, एक माणूस कमी होता. (प्रत्येक ठिकाणी एक माणूस कमी असतो आणि तो माणूस मीच निघतो, हे काय आहे कळत नाही.) शिरपुरात जैन मंदिराजवळ यात्रेकरूंच्या चार बसा उभ्या होत्या. एका गुजराती आजीची चप्पल हरवली, ती शोधण्यात दुपार गेली. आजीने खाखरा दिला. नकला राहिल्या.

२३ जानेवारी

आज नकला मिळाल्या. कोर्टाच्या पायरीवर बसून वाचल्या. कोर्टाचं मराठी वाचताना दगड चावल्यासारखं होतं.

सगळ्या कागदांवर आरोपी क्रमांक चारचं नाव "बाबूसिंग" आहे. भाऊसिंग नाहीच. मला वाटलं झालं, चुकीच्या माणसाचा बोजा आपल्या घरावर! वकिलाला फोन लावणार होतो. मग शेवटचं पान उलटलं. जामीनपत्र. तिथे लिहिलेलं: बाबूसिंग ऊर्फ भाऊसिंग हरिसिंग. आणि त्याच्या खाली बाबांची सही, ती त्यांची शाळेतली वळणदार सही, देवमनमधल्या न ला शेपूट काढलेली.

दुसरी गोष्ट. बाकीचे पाचही आरोपी पुढच्याच वर्षी निर्दोष सुटले. पुरावा नाही म्हणून. भाऊसिंग त्या तारखेला नुसता हजर झाला असता तर तोही सुटला असता.

२४ जानेवारी

बाबांना सांगितलं. वाटलं आश्चर्य करतील. ते म्हणाले, "माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"बाबूसिंग."

 एक सुतार पक्षी कडुनिंबावर ठोकत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तेवढ्यात बाबांनी सुरू केलं, मला पहिलं वाक्य ऐकू आलंच नाही, पुन्हा सांगा म्हणायची हिंमत झाली नाही. जे ऐकलं ते असं.

त्या तारखेला भाऊसिंग आला होता. पहाटेच निघून आला होता. दोघं कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसले. बाबा जामीनदार म्हणून बरोबर गेले होते. दुपारपर्यंत कोणी बोलावलं नाही. मग शिपायाने बाहेर येऊन पुकारा केला, "बाबूसिंग हरिसिंग हाजिर है!" तीनदा.

"भाऊसिंगनं माह्याकडं पाह्यलं," बाबा म्हणाले. "म्हने देवमन, मले बलावून राह्यले का? म्या म्हटलं, बस. तुहं नाव भाऊसिंग. तो दुसरा कोनी असन. आपन शिकेल मानूस ना! हजेरीवर म्या त्याचं नाव चार वर्षं लिहिलं. मले नाही माहीत तं कोनाले माहीत?"

"मंग?"

"मंग तो बसला. पाच वाजता कोर्ट उठलं. आमी इचाराले गेलो तं क्लर्क म्हने वारंट निंघालं. भाऊसिंग त्याच पावली गेला. मांगं वयून नाही पाह्यलं त्यानं. त्याच्या फिर्यादवाल्यानं घरचं नाव लिहून देल्लं होतं, बाबू. जामिनाच्या कागदावर बी होतं. वकिलानं पाच जागी सही मांगतली, म्या पाच जागी केली. वाचलं नाही."

म्हणून ते आता प्रत्येक कागद वाचून घेतात. किराणा दुकानाचं बिलसुद्धा.

"फरार कोन हाय सांग," बाबा म्हणाले. "तो का मी?"

मी म्हणालो चहा ठेवतो. चहापत्ती नव्हती. आणायला गेलो आणि तासाभराने आलो.

२६ जानेवारी

ताई सुट्टीला आली होती. तिला सगळं सांगितलं. ती बाबांच्या डोळ्यांत औषध टाकत होती, तिचा हात थांबला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू त्याले शोध. तुले फिरता येते ना? मंग एकदा कामाचं फिर."

बाबांना तांड्याचं नाव आठवतं. लखमा नाईकाचा तांडा.

३० जानेवारी

आज सगळं लिहितो, नाहीतर उद्यापर्यंत माझ्याच मनात त्याचं काहीतरी दुसरं होईल.

पहाटे गाडीवर निघालो. वाशीम, मंगरूळ, मानोरा. मानोऱ्याच्या पुढे डांबर संपलं. हरभरा घाट्यावर आलेला, सगळीकडे आंबट वास. तांडा जवळजवळ रिकामा. ज्यांना कोयता धरता येतो ते सगळे ऊसतोडीला गेलेले, दारांना कुलुपं. म्हातारी माणसं आणि शेळ्या उरल्या आहेत. एका म्हाताऱ्याला भाऊसिंगचं घर विचारलं. तो म्हणाला, "कोन भाऊसिंग? बाबू का?" मी म्हणालो हो. त्याने बोट दाखवलं.

घरात एक बाई तुरीची डाळ पाखडत होती. रुपाबाई, भाऊसिंगकाकाची बायको. हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या असं मला लहानपणीचं आठवत होतं. आज हात मोकळे होते. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण मी शेळीच्या पिल्लाशी खेळत बसलो. पिल्लू फार गमतीचं होतं, एक कान काळा.

"कोन व्हय बेटा तू?"

"अनसिंगचा. देवमनचा पोरगा."

तिच्या हातातलं सूप खाली गेलं. डाळ सांडली. ती भरायला वाकली आणि वाकूनच म्हणाली, "घर हाय तुमचं?"

"हाव. कोठी जाईन घर?"

"आमाले वाटलं लिलावात गेलं. लोक म्हने जामीन देनाऱ्याचं घर लिलावात जाते. तवापासून त्याईनं अनसिंगचं नाव नाही घेतलं. कोन्या तोंडानं येवाव बेटा?"

मी विचारलं, "काका ऊसतोडीले गेले का?"

"गेलते," ती म्हणाली. "दोन सालाआधी. तिथंच गेले."

दोनदा गेले म्हणाली ती. मला दुसरा अर्थ लागायला वेळ लागला. उसाच्या फडातल्या खोपीत, पहाटे, छातीत दुखून. सरकारच्या निराधार योजनेच्या पगारासाठी मृत्यूचा दाखला लागतो म्हणून तिने तो प्लास्टिकमध्ये बसवून घेतला आहे. भिंतीवरच्या खिळ्याला, देवाच्या फोटोशेजारी. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. तिने काढू दिला.

मग मी तिला लिंबाखालची गोष्ट सांगितली, बाबा काय म्हणतात ती. वाटलं तिला राग येईल. ती बाजरीची भाकर थापत होती, तशीच थापत राहिली.

"तुहा बाप अजून हेच धरून बसला?" ती म्हणाली. "बेटा, त्याईले समजलं होतं. घरी सारे त्याईले बाबूच म्हनत. नाव पुकारलं तवा त्याईचे पाय गयाले. आतमंदी जानं नव्हतं. देवमनभाऊ म्हनले बस, आन् हे बसले. मले शंभर डाव सांगतलं, रुपा, म्या देवमनच्या शब्दाआड लपलो. त्यानं घर देल्लं मले आन् म्या त्याचा शब्द वापरला."

चहात साखर फार होती. तिने गुळाची ढेप पण दिली, मी नको म्हणत असताना. निघताना विचारत होती, अनसिंगला फाट्यावर उतरायचं की गावात, घर कोणत्या अंगाला आहे. असंच बोलायचं म्हणून. मी सांगितलं आणि काळ्या कानाच्या पिल्लाला हात लावून निघालो.

परत येताना मंगरूळजवळ गाडी बाजूला लावली आणि उगीच बसलो. बाबांना काय सांगायचं? तो मेला हे सांगायचं? आणि वरून तो खोटा होता, त्याला आपलं नाव माहीत होतं, हेसुद्धा? बाबांनी अकरा वर्षं ज्याच्यासाठी एका शब्दाशी भांडण केलं, तो माणूस त्यांच्याच आडोशाला लपला होता. हे ऐकून बाबांचं काय उरेल? नाही सांगणार. मला दुसरं काही जमत नाही, पण गप्प बसणं जमवीन.

३१ जानेवारी

वकिलांनी फोटो पाहिला. "अरे मंग काम झालं! आरोपी मयत, केस खतम. दाखला लावून अर्ज करू, साहेब दंड माफ करतील. वडिलांले एकदा साहेबासमोर उभं करावं लागन, दोन प्रश्न इचारतील, बस."

मी म्हणालो वडिलांना उभं करता येणार नाही. मयत हा शब्द बाबा तिथेच ऐकतील, हे नाही सांगितलं.

"काहून?"

"डोये नाही त्याईले."

"अरे, साहेब काय अक्षर ओयखाले लावनार हाय का?"

मी म्हणालो पंधरा हजार भरले तर उभं राहावं लागतं का. ते म्हणाले नाही, खिडकीवर भागतं, तो पहिला अर्ज आण. माफ होणारे पैसे भरणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. माझ्याकडे पाहत राहिले, मोसंबीची फोड हातात तशीच.

४ फेब्रुवारी

चार दिवस बाबांनी विचारलं नाही. आज विचारलं.

"भेटला?"

"नाही. ऊसतोडीले गेला."

इतकं साधं वाटलं म्हणताना. आणि तसं खोटंही नाही.

बाबांचा चेहरा असा झाला की मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. "म्हंजे कामाले खटून राह्यला," ते म्हणाले. "ह्या वयात बी खटून राह्यला लेकाचा!" मग दिवसभर लाईनवरच्या गोष्टी सांगितल्या. भाऊसिंग एकटा रुळाखालचा स्लीपर उचलायचा. भाऊसिंगला साप दिसला की तो बाबांच्या मागे लपायचा, एवढा मोठा गडी! बाबा हसत होते. सतीशभाऊने मशीन थांबवली होती.

६ फेब्रुवारी

बाबांनी आंतरदेशीय पत्र आणायला लावलं. पोस्टात मिळालं, मला वाटलं होतं बंद झालं असेल. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. इथे उतरवून ठेवतो.

"भाऊसिंगले देवमनचा जयभीम अन् रामराम. माहे डोये गेले म्हनून पोराच्या हातानं लिहून राह्यलो. त्या दिवशी तू मले इचारलं का मले बलावून राह्यले का. म्या म्हटलं बस, ते तुहं नाव नोहे. कागदावर होतं ते नाव. म्या सही करतानी वाचलं नाही. सातवी शिकलो याची घमेंड होती मले. तू गेला तो माह्या सांगन्यानं गेला. तुह्या बायकोपोरानं जे भोगलं ते माह्या एका शब्दापायी. घर शाबूत हाय, आता विकून राह्यलो, कोनी लिलाव नाही केला. तू पयाला असं म्या कोठीच लिहून नाही देल्लं. ऊसतोडीहून आला का ये. कोर्टात नको, घरी ये. तुहा देवमन."

मला दोनदा पेन झटकावं लागलं. शाई येत नव्हती असं म्हणालो.

मला वाटलं खिशात ठेवून देईन. पण बाबा म्हणाले चल, मी येतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून पोस्टापर्यंत आले. पेटीत टाकलेलं पत्र आत पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले. मेलेल्या माणसाच्या नावचं पत्र. महिनाभर फिरेल आणि परत येईल, तोपर्यंत आपण वाशीमला असू.

११ फेब्रुवारी

गाडी विकली. अनसिंगातल्याच पुंजाजीच्या पोराने घेतली. पंधरा हजार झाले. आता पायी. पायी गेल्यावर कळलं की फाट्यापर्यंत चार कुत्री आहेत आणि चारही मला ओळखतात.

ताईने फोनवर विचारलं, गाडी कायले विकली? मी म्हणालो कंटाळा आला. तिने विश्वास ठेवला. माझ्याबद्दल अशा गोष्टींवर लोक लगेच विश्वास ठेवतात.

१७ फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहू का नको, दुपारभर ठरत नव्हतं. सतीशभाऊच्या मशीनचा पट्टा चढवून दिला, मग बसलो.

सकाळी तोच फरार शब्दाचा छापील अर्ज बाबांसमोर धरला आणि म्हणालो, "सतीशभाऊची इसारपावती हाय. सही करा."

"वाच."

मी वाचलं. जे कागदावर नव्हतं ते. घर नंबर, विटा, पत्रे, ठरलेली मुदत, राजीखुशीने लिहून देतो, वगैरे. हैदराबादच्या रस्त्यावर मी पोलिसांना याहून मोठ्या थापा मारल्या आहेत. 

"पुना वाच," बाबा म्हणाले.

पुन्हा वाचलं.

"पयल्यांदी तू मुदत म्हनला. आता तारीख म्हनून राह्यला."

"एकच ना बाबा."

 बाबांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, कपाळ, गाल, दाढीचे खुंट. लहानपणी ताप पाहायचे तसं. "हाव," म्हणाले, "एकच हाय." आणि सही केली. न ला शेपूट काढली.

त्यांना काही कळलं नाही. उद्या भरून टाकतो म्हणजे सुटलो. परवा सुट्टी, वीसला खरेदी.

१८ फेब्रुवारी

सकाळचे नऊ. एस.टी. साडेनऊची. अर्ज पिशवीत, पैसे आतल्या खिशात. बाबा अंगणात बाजेवर आहेत. रात्री झोपले नाहीत वाटतं, डोळे सुजले आहेत. मला म्हणाले, "जपून जाजो. घाई नको करू." कुठे चाललो ते विचारलं नाही.

आता सतीशभाऊ ओरडतो आहे: "अश्वजित! अबे बाहेर ये. एक बाई फाट्यापासून साऱ्याईले देवमनजीचं घर इचारत येऊन राह्यली. लंबी दूरची दिसते."

खिडकीतून पाहिलं. रुपाबाई आहे. एकटीच. डोक्यावर पदर, पायांत धूळ, हातात ते आंतरदेशीय पत्र उघडं धरलेलं. कोणीतरी तिला वाचून दाखवलं असणार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन एस.ट्या बदलून आली असेल, म्हणजे अंधारातच निघाली.

आता ती सगळं सांगणार. तो गेला ते, आणि त्याला आपलं नाव कळलं होतं तेसुद्धा. मी एवढं जपलेलं सगळं पाण्यात. धावत जाऊन तिला बाहेरच गाठू का? कोपऱ्यावरूनच परत फाट्यावर सोडून येऊ? पेन ठेवतो.

उशीर झाला. फाटक वाजलं. बाबा विचारत आहेत, "कोन हाय?"

आणि ती म्हणते आहे, "भाऊसिंगच्या घरून आली म्या, देवमनभाऊ."